उसण उतरवणारा पाय

"पायात मुंग्या? बधिरपणा?" डॉक्टर योगेंद्रांनी विचारलं.

"नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

मणके हातांनी बसवून देणाऱ्या धुळ्याच्या या दवाखान्यात सून सारिका त्यांना घेऊन आली होती. कंबर धरली होती, आणि गावात हे सांगण्यासारखं नव्हतं. सुनंदाबाई पायाळू, जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. चाळीसगावकडच्या त्यांच्या गावात कुणाला उसण भरली की तो त्यांच्या ओट्यावर पालथा पडे आणि त्या त्याच्या पाठीवर उजवा पाय ठेवीत. नवरा गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. ओट्यावरची माणसं मात्र थांबली नाहीत.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून पायाला टाचणी लावली. सुनंदाबाईंनी पापण्या किलकिल्या ठेवल्या. टाचणी टेकलेली दिसली, की त्या "टोचली" म्हणत.

"आता कुशीवर वळा, अक्का. मी खांदा धरून कंबरेला झटका देईन. कट्ट वाजेल. हाड मोडत नाही, सांध्यातला वायू सुटतो."

"आवाजाला नाही घाबरत त्या," सारिका हसली. "अर्ध्या गावाच्या कंबरा त्यांनीच वाजवल्यात."

"मग आपण एकाच धंद्यातले!" डॉक्टर म्हणाले. "पाय बधिर असता तर मी हे केलं नसतं. दबलेली नस आणखी दबली, तर पाय कायमचा जाऊ शकतो."

सुनंदाबाईंचं तोंड भिंतीकडे होतं. डॉक्टरांनी गुडघा वर ओढून घेतला, तळहात कंबरेवर रोवला.

"श्वास घ्या. आता सोडा."

त्यांनी सोडला नाही. तळहाताचा दाब वाढला.

"सोडा, अक्का."

"थांबा!" त्या ओरडल्या. "मना उजवा पाय बठ्ठा सुन्न शे. दिवाळीपासून."

डॉक्टरांनी हात काढून घेतले.

"आत्याबाई!" सारिका जवळ धावली.

"कोन्हाले सांगू नको."

डॉक्टरांनी आजच एमआरआय करायला सांगितला, आणि मणक्याच्या सर्जनचं नाव दिलं.

बाहेरच्या बाकावर त्यांच्याच गावचा लीलाधर वाकडा होऊन बसला होता. सुनंदाबाईंना इथं पाहून तो चकित झाला.

"अक्का, तुम्ही आठे? मंग मी कशाले नंबर लावू? आठेच पाय लावा ना!"

बाकावरचे लोक हसले. सारिका घाईनं काहीतरी सांगायला पुढं झाली. सुनंदाबाईंनी तिचा दंड धरला.

"नही रे भाऊ. पाय गया मना."

लीलाधर भिंतीला धरून उठला. धरलेल्या कंबरेनंच कण्हत खाली वाकला आणि त्यानं त्या पायावर हात ठेवला. सुनंदाबाईंना तो हात नुसता दिसला.