अंगठा हलतोय तोवर

सकाळी वासिलीमामाच्या पापण्या खाली यायला लागल्या, तेव्हा तो म्हणाला, "बायकोकडे बघून डोळे दमले." पण त्याचे शब्द बोबडे येत होते, आणि ते ऐकून भाची अगाफिया चरकली. गावच्या दवाखान्यात डॉक्टर नसतो. जे काही करायचं ते आरोग्यसेविका म्हणून तिनेच. तिने शहरात फोन लावला. विषावरचा उतारा घेऊन विमान तयार होतं, पण नदीवर धुकं ठाण मांडून बसलं होतं.

दुपारी मामाचा श्वास थांबला. अगाफियाने त्याच्या तोंडावर मास्क धरला आणि श्वासाची पिशवी हाताने दाबायला घेतली. विमान येईपर्यंत हात थांबला, तर मामा गेला. ती थांबणार नव्हती.

लुकेरियामामी हात जोडून निरोपाची प्रार्थना पुटपुटू लागली.

"बंद कर ते, मामी. त्याला सगळं ऐकू येतंय."

"हूं नाही की चूं नाही, आणि म्हणे ऐकतोय."

"डोकं शाबूत आहे त्याचं. हे विष नसांच्या टोकांत शिरतं आणि स्नायूंना हुकूम पोचवणारी यंत्रणाच कापून टाकतं. आत शिरलेलं उतारा काढू शकत नाही, बाहेर फिरतंय तेवढंच पकडतो. डोळ्यांपासून सुरू होऊन ते खाली उतरतं, पाय शेवटी. मामा, ऐकतोयस ना? हो असेल तर पायाचा अंगठा एकदा हलव, नाही असेल तर दोनदा."

पायाचा अंगठा एकदा हलला. मामीने जोडलेले हात सोडले.

"आता मामी, खरं सांग. त्याने खाल्लेली माशांची मुंडकी कशात आंबवलीस?"

"खड्ड्यात. गवत घालून, आई आंबवायची तशी."

"मामी."

"बादलीत," मामी हळूच म्हणाली. "प्लास्टिकच्या. झाकण घट्ट लावून शेगडीमागे ठेवली, लवकर होतात म्हणून. गार माती खणायला गुडघे कुठून आणू?"

"बंद झाकणाखाली, उबेतच हे विष धरतं. आणखी कुणाला दिलीस?"

"कुणालाच नाही. पहिला घास त्याचाच असतो."

अगाफियाचे दंड भरून आले होते. मदतीला आलेला शेजारी हात बदलायला पुढे झाला. तिने त्याला एकेक दाब शिकवला, मग पिशवी त्याच्या हाती दिली आणि नजर छातीवरच ठेवली. छाती वर येत होती.

मामीने नवऱ्याचा पाय दोन्ही हातांत धरला. "रागावलास माझ्यावर?"

अंगठा हलला. एकदाच. मामी वाट बघत राहिली, पण दुसऱ्यांदा तो हलला नाही.

तिने नाक पुसलं. "बरं. मग बरा हो आणि तोंडाने भांड माझ्याशी. असं पायाने नाही चालायचं."

विरळ होत चाललेल्या धुक्यात वर कुठेतरी विमान घरघरलं. अगाफियाने पिशवी परत आपल्या हातात घेतली.