कड्यावरच्या फाटकाचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कुलूप आहे. जन्मभर मी दुसऱ्यांना बंद करत आलो. आता मीच एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर लाखेची मोहोर घेऊन, नगरपालिकेच्या कपाटात बंद आहे. कपाटालाही कुलूप आहे. ते नवे आहे, गुळगुळीत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. म्हणून माझी हकिगत तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझे अंग साच्यात ओतले गेले, पण आतले खटके एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने बसवले. त्याने किल्ली घालून फिरवली, कान लावून ऐकले आणि म्हणाला, "बोलतंय बरं का!" माझ्याबरोबर दोन जुळ्या किल्ल्या जन्मल्या. पण किल्ल्यांना पाय असतात, मित्रांनो. त्या कोणाच्या ना कोणाच्या खिशात बसून गावभर हिंडतात. कुलपाला मात्र जिथे अडकवले तिथेच लटकावे लागते.

मला अडकवले ते एका कड्यावरच्या बागेत. बागेच्या टोकाला खडकात खोदलेल्या पायऱ्या होत्या. त्या उतरून गेले की खाली एक अरुंद कट्टा लागे आणि तिन्ही बाजूंना नुसता समुद्र दिसे. पूर्वी तिथे कोणीही, केव्हाही जाई. मग एकदा अंधारात एका गृहस्थाचा पाय ओल्या पायरीवरून सटकला आणि कंबर मोडली. न्यायालयाने नगरपालिकेला विचारले, "धोका ठाऊक होता, तर अडवलं का नाही?" त्या एका प्रश्नातून माझी नोकरी निघाली. पायऱ्यांच्या तोंडाशी उंच फाटक आले. एका बाजूला खडक होताच. दुसऱ्या बाजूला, समुद्राच्या अंगाला, कोणी वळसा घालून जाऊ नये म्हणून पसरलेल्या टोकदार गजांचा पंखा बाहेर काढला. शेजारी फलक लागला आणि फाटकाला मी लागलो.

उद्यान अधिकाऱ्यांनी मला स्वतः ओढून पाहिले आणि कंत्राटदाराला म्हणाले, "झालं एकदाचं! आता पुढचं ज्याचं त्यानं बघावं."

मला वाटले, ही माझी स्तुतीच आहे.

माझी किल्ली फाटकवाल्या मावशींकडे असे. सकाळी त्या मला उघडत आणि सूर्य पाण्याला टेकला की बंद करत. पण बंद करण्याआधी त्या पायऱ्या उतरून थेट कट्ट्याच्या टोकापर्यंत जात. तिथे कोणी गप्पा मारत बसलेले असे, कोणी फोटो काढत असे, कोणी रुसून पाण्याकडे बघत असे. मावशी म्हणत, "चला, उठा. समुद्र उद्याही इथेच असणार आहे, मला मात्र घरी जायचंय." माणसे हसत आणि उठत.

सगळेच असे शहाणे नव्हते. काहीजण माझ्यासमोर उभे राहून मला शिव्या देत. "हा काय तुरुंग आहे का?" म्हणून गदागदा हलवत. काही पोरे तर फोटोसाठी गजांच्या पंख्याला बाहेरून लटकत. तेव्हा मावशींचा जीव टांगणीला लागे. त्या ओरडत, "अरे, पडलास तर तुझी आई मला येऊन विचारेल, नगरपालिकेला नाही!"

खारा वारा लोखंडाचा वैरी असतो. मावशी मला अधूनमधून तेल पाजत, म्हणून माझा आवाज टिकून होता.

एका ओल्या संध्याकाळी खाली उतरताना मावशींचा पाय मुरगळला. चार दिवसांत त्या लंगडत कामावर आल्या. पण कार्यालयात एकच घबराट उडाली होती. पाय मुरगळला याची नव्हे, तर पडल्या असत्या आणि त्यांनी दावा लावला असता तर, याची! अधिकारी आले आणि म्हणाले, "मावशी, आजपासून फाटकाच्या खाली पाऊल टाकायचं नाही. वरूनच हाक मारायची."

"अहो साहेब, पण पायऱ्यांच्या वळणापलीकडे कोण बसलंय ते इथून दिसत नाही."

"हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे. वेळ फलकावर लिहिलीये. त्यानंतर खाली राहील तो त्याच्या जबाबदारीवर राहील."

मावशींनी मान हलवली. नोकरी होती.

त्याच सुमारास फाटकाला हिरवा रंग द्यायला माणसे आली. त्यांनी फाटक रंगवले, गज रंगवले आणि घाईघाईत मलाही रंगवले. रंग माझ्या किल्लीच्या भोकात उतरला आणि आत सुकला. मावशींनी दुरुस्तीवाल्यांना दोनदा सांगून पाहिले. ते म्हणाले, "उघडतंय ना अजून? मग झालं तर."

आता त्या संध्याकाळचे सांगतो. वारा इतका होता की माझी कडी फाटकावर खडखडत होती. मावशींनी तोंडाशी हात धरून हाक मारली, "खाली कोणी आहे का हो? फाटक बंद होतंय!" त्या थांबल्या. पुन्हा मारली. पुन्हा थांबल्या. मग किल्ली जोर लावून फिरवली. मी मिटलो.

खाली दोघेजण होते. एक निवृत्त बसचालक आणि त्यांची मुलगी. ते काय बोलत होते हे मला पुढे चौकशीत कळले. बसचालकांची बायको गेल्यापासून ते एकटे राहत होते आणि मुलगी त्यांना स्वतःच्या घरी चला म्हणून विनवत होती. "तुम्हाला काही झालं तर कोण बघणार, बाबा?" बाबांना ऐकू कमी येई. त्यामुळे तिला तेच तेच मोठमोठ्याने सांगावे लागत होते. तिच्या आवाजात आणि वाऱ्यात मावशींची हाक विरून गेली.

ती दोघे वर आली. मुलीने मला धरून हलवले.

"बाबा, बंद केलंय!"

"कोणाला?"

"फाटक! फाटक बंद केलंय!"

"मग उघड की."

तिने फलकावरच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आले की कृपया कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा. मग तिने पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, "माणूस पाठवतो. तिथेच थांबा, कुठे जाऊ नका."

"कुठे जाणार?" ती फोनकडे बघत म्हणाली.

बाबा पायरीवर बसले. "थांबू की मग. पाऊस नाही, काही नाही."

पण तिचे लहान मूल शेजारणीकडे होते आणि शेजारणीला कामावर निघायचे होते. ती फाटकाशी येरझाऱ्या घालू लागली. पिंजऱ्यातला प्राणी कसा चालतो, तशी. मग तिची नजर गजांच्या पंख्यावर गेली.

"मी बाहेरून वळसा घालून जाते, बाबा. पोरं जातात, मी पाहिलंय."

"पोरं पडतातसुद्धा. गप बस इथे."

तिने ऐकले नाही. गज धरून तिने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. तेवढ्यात तिच्या जाकिटाची बाही एका टोकदार गजात अडकली. ती सोडवायला गेली आणि एक पाय सुटला. आता तिचा दुसरा पाय दगडाच्या एका उंचवट्यावर होता आणि खाली समुद्र होता. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाबा धडपडत आले, त्यांनी गजांमधून खांद्यापर्यंत हात घातला आणि तिचे मनगट पकडले.

"सोडू नका, बाबा," ती पुटपुटली. एवढ्या वाऱ्यातही हे त्यांनी पहिल्याच वेळी ऐकले.

मित्रांनो, मी त्यांच्या कानाशेजारी लटकत होतो. नुसते तोंड उघडले असते तर केवढे काम झाले असते! पण कुलपाला स्वतःहून उघडता येत नाही. हा आमच्या जातीचा शापच आहे.

बाबा हळूहळू बोलू लागले. "घाटात गाडी बंद पडली की काय करायचं, माहितीये? काही करायचं नाही. ब्रेक दाबून बसून राहायचं. मी ब्रेक दाबलाय. तू फक्त बसून राहा."

"बाबा, तुमचा हात थरथरतोय."

"इंजिन चालू आहे म्हणून. घाबरू नकोस."

तिकडे मावशी बागेबाहेरच्या थांब्यावर बसची वाट पाहत होत्या. बस आली. पायरीवर पाय ठेवताना त्यांना दिसले की गाड्यांच्या जागेत एक गाडी अजून उभी आहे आणि मागच्या काचेतून एक काठी दिसते आहे. काठीवाला माणूस काठी गाडीत ठेवून जाऊन जाऊन जाणार कुठे? त्यांनी बस सोडली आणि मुरगळलेला पाय ओढत पळत आल्या.

आधी त्यांनी बागेच्या कडेच्या कठड्यावरून वाकून हात लांबवला. हात पोचेना. मग किल्ली माझ्यात घातली. ती अर्धी फिरली आणि सुकलेल्या रंगात रुतून बसली.

"फिर रे बाबा, फिर!" मावशी रडकुंडीला आल्या. किल्ली वाकली. मग त्यांनी फुलांच्या वाफ्याच्या कडेचा एक दगड उपटला आणि माझ्यावर घातला.

दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण प्रत्येक घावाला मी पुढच्या घावाची वाट पाहत होतो. शेवटी माझी कडी मोडली, मी दगडावर पडलो आणि फाटक उघडले. मावशी आत शिरून गजांच्या कडेला पोटावर आडव्या झाल्या, त्यांनी मुलीचा कमरेचा पट्टा धरला आणि दोघांनी मिळून तिला आत ओढले. बाही तिथेच फाटून राहिली.

तिघेही पायरीवर बसले. मावशी म्हणाल्या, "मी हाक मारली होती हो. दोनदा मारली होती."

मुलगी म्हणाली, "मारली असणार, मावशी. आम्ही नाही ऐकली."

यानंतर पोलीस आले.

पुढे चौकशी बसली. मला पिशवीत घालून टेबलावर ठेवले होते. मावशींना कामावरून दूर केले होते आणि त्यांच्यावर दोन आरोप होते. एक, माणसे आत असताना कुलूप लावले. दोन, नगरपालिकेचे कुलूप फोडले. एकाच बाईवर लावल्याचाही ठपका आणि तोडल्याचाही!

नगरपालिकेचे वकील म्हणाले, "फलक होता. वेळ लिहिलेली होती. गज होते. तरीही या बाई स्वतःच्या पायाने गजांबाहेर गेल्या. यात नगरपालिकेचा काय दोष?"

मुलगी उभी राहिली. मला वाटले, आता ही आकाशपाताळ एक करणार. ती म्हणाली, "फलक मी वाचला होता. बाहेर पाय टाकला तो माझ्या मनानं, बाबा नको म्हणत असताना. ती चूक माझी, मी घेते पदरात. आता तुमची तुम्ही घ्या. या मावशींना खाली जाऊन बघायला मनाई कोणी केली?"

अधिकारी चष्मा पुसू लागले. "ती सूचना... सुरक्षिततेसाठी होती."

बाबांनी कानाशी हात नेला. "काय म्हणाले?"

"म्हणतात, सगळं सुरक्षिततेसाठी केलं!" मुलगी ओरडून म्हणाली.

"कोणाच्या?" बाबांनी विचारले.

मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. पुढच्या बाकांवर कोणी हसले नाही.

मावशी कामावर परत आल्या. पायऱ्यांना धरायला लोखंडी दांडा बसला आणि त्यांना पुन्हा खाली जायची मुभा मिळाली. फाटक नवे आले. ते बाहेरून बंद राहते, पण आतून ढकलले की कोणालाही उघडता येते, किल्ली लागत नाही. हे सगळे मला मावशींच्याच तोंडून कळले, त्या कपाटवाल्या कारकुनाकडे येऊन बसतात तेव्हा. बाबा मुलीकडे राहायला गेले नाहीत म्हणे. तिनेही आता आग्रह सोडला आहे. ती रोज संध्याकाळी फोन करते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलते.

मी मात्र सुटलो नाही. जबाबदारी कोणाची किती, हा वाद आता न्यायालयात गेला आहे. तो मिटेपर्यंत मोहोर तोडायची नाही, असा हुकूम आहे. मोडक्या कुलपाला बंद करून ठेवायला आणखी एक कुलूप लागावे, याचे मला कधी हसू येते, कधी रडू. पिशवीत वारा नाही, मीठ नाही, तरी गंज आतल्या आत चढतोच आहे.

मित्रांनो, तुम्ही बागेत जाल तेव्हा कठड्याच्या आत राहा. तो तुमचा अपमान करायला उभा केलेला नसतो. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या कोणाच्या तरी हाती शाळेच्या, दवाखान्याच्या, नाहीतर एखाद्या फाटकाच्या किल्ल्या येतील. तेव्हा कुलूप लावून हात झटकू नका. आधी आत जा, वळणापलीकडे जा, आणि कोणी नाही हे आपल्या डोळ्यांनी बघून या. कोणी 'ओ' दिली नाही म्हणजे आत कोणी नाही, असे समजू नका.