आधीचा फोटो

बकुळाने डोक्यावरचा स्कार्फ सोडला आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

सतरा वर्षं ही बाई आमच्या पार्लरमध्ये आहे. या सतरा वर्षांत मी तिचे केस फक्त अंबाड्यात पाहिले होते, तेलाने चापून बसवलेले आणि वर काळी जाळी. आज ते मोकळे होते. कपाळापासून खांद्यापर्यंत एकेक बट आपापल्या वळणाने उतरली होती आणि एकही केस उगाच उडालेला नव्हता.

“साडेचारला उठले,” ती म्हणाली. “बरे दिसतात ना, मृणालताई? कंपनीचा माणूस येणार. नायतर म्हणेल, हिला स्वतःचं डोकं सांभाळता येत नाय आणि दुसऱ्यांची करते.”

बरे म्हणजे काय, माझ्या पोटात दुखलं. माझेही केस कुरळे आहेत. चाळीस वर्षं मी त्यांच्याशी भांडते आहे.

“छान झालेत,” मी म्हणाले आणि रजिस्टरमध्ये डोकं खुपसलं. कारण तिला जे सांगायचं होतं ते मी तीन दिवस सांगितलं नव्हतं.

आमचं पार्लर मुंबईत हिंदमाताला, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी काउंटर सांभाळते, फोन घेते, बायकांना गोड बोलून बसवून ठेवते. बकुळा हेल्पर. डोकी धुवायची, सुकवायची, खाली पडलेले केस झाडायचे. कात्रीला हात लावायचा नाही, कारण तिच्याकडे सर्टिफिकेट नाही. पण कुरळ्या केसांची बाई दारात आली की नवी आलेली श्रेया, मालकीण प्रिती मॅडम, सगळ्यांचे डोळे आपोआप बकुळाकडे वळायचे. ते केस तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसत.

तिची पद्धत मला पाठ आहे, कारण दर शनिवारी दुपारी ती माझं डोकं करते. ओल्या केसांना क्रीम लावायचं. टॉवेल नाही, जुन्या सुती गंजिफ्रॉकात मुठीने दाबून पाणी टिपायचं. मग ड्रायरच्या तोंडाला डिफ्यूजर लावायचा, म्हणजे ते पसरट, आत बोटांसारखे दाते असलेलं प्लास्टिकचं भांडं. ती त्याला वाटी म्हणते. एकेक बट खालून वाटीत घ्यायची, टाळूपर्यंत न्यायची आणि तशीच धरून ठेवायची. वारा कमी, ऊब कमी. केस पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सुकले की ते खळ घातलेल्या साडीसारखे कडक होतात. तेव्हा तळहाताला खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून ती खळ मोडायची.

“बाबा मिलमध्ये सायझिंगला होते,” ती सांगायची. “सुताला खळ लावायचे. म्हणायचे, ओल्या सुताला डिवचलं तर ते तुटतं, कोरडं ओढलं तर विस्कटतं. कोरड्या कुरळ्या केसांत ब्रश घालायचा नाय, मृणालताई. कधीच नाय. आठवडाभर माफ करत नायत ते.”

गेल्या दिवाळीत प्रिती मॅडम तिला म्हणाल्या होत्या, “पुढच्या वर्षी क्रीमची कंपनी कुरळ्या केसांचा डेमो ठेवतेय आपल्याकडे. बकुळा, तू करशील. सर्टिफिकेट मिळालं की खुर्ची तुझी.” सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. बकुळाने तेव्हापासून दिवस मोजले. नवा काळा एप्रन शिवून घेतला. त्याच्या खिशावर स्वतः बसून ‘बकुळा’ असं पांढऱ्या दोऱ्याने भरलं.

तीन दिवसांपूर्वी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. डेमो कंपनीचे वरद सर स्वतः करणार होते. त्यांना कुरळ्या केसांची एक मॉडेल हवी होती. “बकुळाला बसवू. तिचे खराब आहेत, फरक उठून दिसेल. आत्ता बोलू नकोस, रडारड करेल. नऊला केस मोकळे घेऊन ये एवढंच सांग.”

मी तेवढंच सांगितलं. मूग गिळून गप्प बसायला मला कुणी शिकवावं लागत नाही, काउंटरवर तेच तर काम आहे. शिवाय खोटं कशाला बोलू, सगळ्या बायका “बकुळा कुठेय, बकुळा कुठेय” करत येतात आणि माझ्याकडे बघतही नाहीत, याचा थोडा राग माझ्या मनात होताच.

बकुळाने पिशवीतून आपला ड्रायर काढला, वाटी काढली, फडक्याने पुसून खुर्चीमागे मांडली. मग लेकीला फोन लावला. आकांक्षा, तिची अक्की, वीस वर्षांची, कॉलेजात. घरी त्या मालवणीत बोलतात.

“अकराक ये हां. उशीर करू नको. नाय गो, कोण काय म्हणत नाय. पाठी उभी रव आणि बघ आवशीक.”

सव्वानऊला प्रिती मॅडम आल्या. बकुळाकडे बघून दारातच थांबल्या.

“अगं बाई! हे काय करून ठेवलंस?”

“घरीच केले मॅडम,” बकुळा लाजून म्हणाली.

“अगं पण बिफोर म्हणून मी काय दाखवू आता? मृणाल, तू हिला सांगितलं नाहीस?”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

“राहून गेलं,” मी म्हणाले. सांगू नकोस असं मॅडमच म्हणाल्या होत्या, हे मी गिळलं.

मग मॅडमनीच सांगितलं. बकुळा ऐकत होती. तिचा हात एप्रनच्या खिशावर, त्या भरलेल्या नावावर होता.

“मी करणार होते ना, मॅडम? दिवाळीत तुम्हीच म्हणालात.”

“अगं, पंचवीस पार्लरवाल्या येणार आहेत. त्यांच्यापुढे तू काय बोलणार? सायन्स सांगावं लागतं, हेअर टाइप, पोरोसिटी. आणि तुझाच फायदा आहे, फुकटात कट होईल. एप्रन काढ. बस त्या खुर्चीत.”

बकुळा बसली. मी असते तर गेले असते, असं म्हणायला मला आवडेल. पण नवरा गेल्यावर डिलाईल रोडच्या त्या एका खोलीचं सगळं तिच्यावर होतं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या पार्लरमध्ये बिनसर्टिफिकेटची हेल्पर कोण ठेवतं?

“मृणाल, विंचर तिला,” मॅडम म्हणाल्या. “कोरडेच विंचर. सर साडेदहाला येतील, तोपर्यंत चांगले फुलू देत.”

“मी?”

“मग काय मी? श्रेया सरांना आणायला गेलीय.”

मी चपटा ब्रश घेतला. आरशात बकुळा माझ्याकडे बघत होती. नको म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी थांबले असते का, मला सांगता येत नाही.

“मृणालताई,” ती एवढंच म्हणाली, “अक्कीला फोन लावा. येऊ नको म्हणून सांगा. माझा फोन आत पिशवीत राहिला.”

“लावते.”

आणि मी ब्रश घातला. पहिल्या बटेला आवाज आला, सुती कापड फाटल्यासारखा. दुसरीला पण. साडेचारला उठून तिने वाटीत धरून धरून बसवलेली एकेक बट माझ्या हाताखाली सुटत गेली, फुगत गेली. दहा मिनिटांत तिचं डोकं जुन्या झाडूसारखं झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं. कुरळ्या केसांवर ब्रश कसा चालवू नये हे त्या खोलीत बकुळाखालोखाल मलाच ठाऊक होतं.

“परफेक्ट,” मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात पाहुण्या यायला लागल्या. दादरच्या, शीवच्या, थेट गिरगावातून आलेल्या. नावं लिहून घे, खुर्च्या लाव, सरबत दे. अक्कीला फोन करायला मला वेळ झाला नाही. निदान मी स्वतःला तसं सांगते. एक फोन लावायला किती वेळ लागतो?

वरद सर तिशीचे, काळा शर्ट, गालापाशी माइक. बोलायला फार गोड.

“मॅडम्स, लुक ॲट धिस. हे आपल्याकडे घरोघरी आहे. कर्ल्स प्रॉब्लेम नसतात, निग्लेक्ट प्रॉब्लेम असतो. मावशी, खरं सांगा, कंडिशनर शेवटचं कधी लावलंत? लग्नात?”

बायका हसल्या.

“की लहानपणी प्लगमध्ये बोट घातलं होतं?”

आता खूपच हसल्या. मीही हसले. सगळे हसत असताना एकटीने गंभीर राहणं बरं दिसत नाही.

“फोटो घ्या, फोटो. हा बिफोर. मॅडम, जरा केस वर उचलून धरा ना, व्हॉल्यूम दिसू दे.”

ते मला म्हणाले. मी दोन्ही हातांनी बकुळाचे केस उचलून धरले, आणि त्याच वेळी दार उघडलं.

आकांक्षा दारात उभी होती. आईसारखेच केस, आईनेच केलेले असणार, एकेक बट जागच्या जागी. हातात पेढ्यांचा पुडा होता. तिने आधी खुर्चीमागे बघितलं, जिथे आई उभी असायला हवी होती. तिथे मी होते. मग तिने खाली, खुर्चीत बघितलं.

“येस? कोण हवंय?” प्रिती मॅडमनी विचारलं.

पंचवीस माना वळल्या. अजून कुणाकुणाचं हसू ओसरलं नव्हतं. आरशातून बकुळा लेकीकडे बघत होती.

“कुणी नाही,” आकांक्षा म्हणाली. “साडीच्या दुकानात जायचं होतं. चुकून वर आले.”

तिला आईची लाज वाटली, की आपण ओळख दिली तर आईला जास्त लाज वाटेल असं तिच्या मनात आलं, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. जिन्यावरून उतरणारी तिची पावलं ऐकू आली, आधी हळू आणि मग पळत.

बकुळाने डोळे मिटले.

मग वरद सरांनी केस धुतले, लेयर्स कापले, चार बाटल्यांतली चार क्रीमं लावली आणि डिफ्यूजर लावून ड्रायर पूर्ण वेगाने सोडला. श्रेया वायर धरून शेजारी उभी. सर वाटी डोक्यावर गोल गोल फिरवत होते, मधेच बोटांनी केस झटकत होते.

“सर,” बकुळा डोळे न उघडता हळूच म्हणाली, “वारा कमी करा. आणि सुकेपर्यंत हात नका लावू.”

“मावशी, मॉडेलने बोलायचं नसतं,” सर म्हणाले, आणि बायका परत हसल्या.

शेवटी जे झालं ते वाईट नव्हतं. उजवीकडचे कर्ल्स धड होते, डावीकडचे अर्धेमुर्धे. टाळ्या वाजल्या. आफ्टरचा फोटो उजव्या बाजूने काढला. सकाळी नऊला त्या डोक्यावर काय होतं हे त्या खोलीत तिघींनाच ठाऊक होतं आणि तिघीही गप्प होतो. सरांना मदत केली म्हणून सर्टिफिकेट श्रेयाला मिळालं. कामाला लागून आठ महिने झालेली मुलगी. वाटी कशी धरायची ते तिला बकुळानेच शिकवलं होतं.

पाहुण्या गेल्यावर बकुळाने झाडू घेतला. तिच्याच खुर्चीखाली तिचेच केस होते. ते तिने सुपलीत भरले आणि टाकून आली. मग आत जाऊन तिने डोक्याला तेल चोपडलं, अंबाडा बांधला, जाळी लावली. माझ्याजवळ येऊन एवढंच विचारलं, “फोन लागला नाय का, मृणालताई?”

“नाही लागला,” मी म्हणाले.

ती मान हलवून मोऱ्या घासायला गेली.

आठवड्याभरात जिन्यावर, चढताना पहिल्यांदा दिसेल असा मोठा फोटो लागला. डावीकडे आधी, उजवीकडे नंतर. आधीच्या फोटोत केस वर धरलेल्या हाताच्या बोटात माझी मोत्याची अंगठी दिसते. त्या दिवसापासून मी ती घालत नाही. बकुळा रोज सकाळी त्या फोटोखालून वर येते. फोटोतली बाई ती आहे, हे त्या अंबाड्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. आकांक्षा पुन्हा आमच्याकडे आली नाही. हिंदमाताला एकदा मला ती लांबून दिसली, केस इस्त्री केल्यासारखे सरळ करून घेतले होते.

परवा शनिवार होता. दुपारी नेहमीसारखी मी बकुळापुढे बसले. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, नाहीतर निदान एखादी बट ओढेल. तिने तसं काहीच केलं नाही. क्रीम लावलं, गंजिफ्रॉकात मुठीने पाणी टिपलं, एकेक बट वाटीत घेऊन टाळूपर्यंत नेली आणि धरून उभी राहिली.

शेजारच्या खुर्चीत एक नवीन बाई होती, तिचेही केस कुरळे. तिने विचारलं, “मावशी, जिन्यातल्या फोटोत आहे ती कोण हो? बिचारी! काय अवस्था होती तिची आधी.”

“बाहेरून आणली होती,” बकुळा म्हणाली. “मला नाय माहीत.”

माझ्याने राहवलं नाही. “अहो, ती—” म्हणत मी मान वळवली.

तिने तळहाताने माझं डोकं हलकेच पुन्हा सरळ केलं.

“हलू नका, मृणालताई. अजून ओले आहेत.”

त्या दिवशी माझे केस फार सुंदर झाले. आलेली प्रत्येक बाई तसं म्हणाली.