पाव आट्याचा उजेड

सभागृहात बसायला जागा उरली नाही तेव्हा लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले, आणि खिडक्यांना काळे पडदे लावायची वेळ आली तेव्हा तिथूनही त्यांना उठवलं गेलं. सुट्टीचा दिवस होता. सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि आत आमच्या गिरणीच्या वसाहतीतली तीनशे शहाणीसुरती माणसं मुद्दाम केलेल्या अंधारात घाम गाळत उजेडाची वाट बघत होती. मी शेवटच्या रांगेत उभा होतो. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, लोक मला मिस्त्री म्हणतात.

मग व्यासपीठावर ‘प्रकाशदाते’ आले. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती. मी त्यांना पहिल्या दिवसापासून उजेडबुवा म्हणतो आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही. पांढरेशुभ्र कपडे, चेहऱ्यावर जगाची काळजी, डाव्या हातात पांढरा रुमाल आणि उजव्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत लांबीचा एक काळा टॉर्च. बुवांनी बटण दाबलं. मागच्या भिंतीवरचं घड्याळ चुन्यासारखं पांढरं झालं आणि सभागृहाने एकसाथ श्वास ओढला.

“हा दिवा सेलवर चालत नाही,” बुवा म्हणाले. “सेल फक्त निमित्त आहे. हा चालतो धरणाऱ्याच्या मनावर. निर्मळ मन, लाख लुमेन. मळलेलं मन, शून्य लुमेन.”

लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप, हे त्या सभागृहात फार तर चौघांना ठाऊक असेल. पण लाख म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. टॉर्चची आम्हाला खरोखर गरज होती. गिरणीची पहिली पाळी उजाडायच्या आधी सुरू होते आणि तिथे जायला कालव्याच्या काठाने चार किलोमीटर सायकल मारावी लागते. त्या रस्त्यावर एकही दिवा नाही. वसाहतीतली वीज तर येते कमी आणि जाते जास्त. म्हणजे हँडलवरही उजेड हवा आणि स्वयंपाकघरातही. बुवांनी नेमकी ही अडचण हेरली होती.

माझी भाची वसाहतीच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तीही त्याच रस्त्याने अंधारात जाते. आठवड्यापूर्वी ती माझ्या दुकानात आली होती, आयुष्यातला पहिला धड टॉर्च घ्यायला. मी तिला म्हटलं, खोक्यावरचा आकडा वाचू नकोस, तो छापायला शाई तेवढी लागते. विकणाऱ्याला तीन प्रश्न विचार. पूर्ण उजेड किती वेळ टिकतो? पावसाचं पाणी आत जातं का? सेल संपला की तो बाजारात मिळतो का? मग हँडलवर बसवून खड्ड्यातून सायकल घालून बघ, मान टाकतो की सरळ राहतो. घरात मंद लावता आला पाहिजे, नाहीतर पाणी प्यायला उठशील आणि अख्खं घर जागं करशील. आणि रस्त्यावर झोत कायम खाली ठेव, समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो बिचारा सरळ कालव्यात जाईल. तिला हवा तसा टॉर्च मी मागवला होता, पण तो यायला महिना लागणार होता. म्हणून ती बुवांचा बघायला आली होती.

आणि तिने भर सभेत ते तीन प्रश्न विचारले. अगदी सरळपणे, उभं राहून, दवाखान्यात ताप विचारावा तशा आवाजात.

बुवा हसले. त्यांनी तिला व्यासपीठावर बोलावलं. टॉर्च विझवला, रुमालाने मागूनपुढून पुसला, “आधीच्या हातांचा स्पर्श जाऊ दे” असं म्हणत तिच्या हातात दिला. तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. बुवांनी टॉर्च परत घेतला, पुसला, दाबला. घड्याळ पुन्हा पांढरं. तीनदा हाच खेळ झाला. त्यांच्या हातात उजेड, तिच्या हातात अंधार.

“ताई,” बुवा मायेने म्हणाले, “या हातांनी तुम्ही लेकरांना सुया टोचता?”

एवढंच वाक्य. पुढचं काम लोकांनी केलं.

माझं काय, असं विचाराल तर मी शेवटच्या रांगेत गप्प उभा होतो. मी टॉर्च विकतो. मी तोंड उघडलं असतं तर याच्या पोटात दुखतंय म्हणून सगळे हसले असते. हे कारण मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, आणि ते आजही मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार होता. एरवी पंचवीस-तीस बाया मुलांना घेऊन येतात. त्या दिवशी दोघी आल्या, आणि भाचीला बघून म्हणाल्या, डॉक्टर स्वतः टोचणार असतील तर थांबतो. पुढच्या आठवड्यात कुणीच आलं नाही. वसाहतीच्या सेक्रेटरीने डॉक्टरांना चिठ्ठी धाडली की लोकभावना लक्षात घेता सिस्टर बदलावी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणारे, भांडण नको असलेले गृहस्थ. त्यांनी तिला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर दुसरीकडे जागा शोध. माझी सख्खी बहीण, म्हणजे तिची आई, तिनेसुद्धा नातवाला भाचीच्या मांडीवरून हळूच उचलून घेतलं. उचलून घेतलं, बस.

मी भेटायला गेलो तेव्हा भाची मोरीत हात धूत होती. मी निघेपर्यंत तिने तीनदा धुतले.

“मामा, ते खोटं आहे हे मला कळतं,” ती म्हणाली. “तरी माझ्याच हातात तो तीनदा का लागला नाही, ते सांग.”

माझा संताप संताप झाला, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःच्या अकलेवर होता.

उत्तर घेऊन आला तो बेकरीवाला, आणि तोही मागच्या दाराने. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्याने माझ्या टेबलावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. आत बुवांचा टॉर्च होता. पहिल्याच सभेत त्याने घेतला होता, हँडलवर बांधला होता, बारा दिवस बेकरीसमोरच्या दगडी रस्त्यावरून फिरवला होता, आणि आज पहाटे तो गेला.

“कुणाला सांगू नका, मिस्त्री,” तो म्हणाला. “मला माहीत आहे का गेला. मी परवा शिळे पाव ताज्यात मिसळले.”

मी टॉर्च हातात घेतला. सायकल हादरते, म्हणून सायकलवरची प्रत्येक पिळाची वस्तू सैल होते. माझं पोट त्याच्यावरच चालतं. समोर आलेला कुठलाही नट मी न बघता आधी आवळतो. तसंच मी टॉर्चचं मागचं झाकण आवळलं आणि बटण दाबलं. लागला.

बेकरीवाला माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला दंडाला धरून उभा केला. झाकण जरासं सैल केलं, अंधार. आवळलं, उजेड. सैल, आवळ, सैल, आवळ.

“पाव आटा,” मी म्हणालो. “फक्त पाव आट्याचा फरक आहे.”

“कसला पाव आटा?” तो गोंधळून म्हणाला. “पीठ मी कधीच कमी घालत नाही, मिस्त्री. फक्त ते शिळे पाव मिसळले, एवढंच.”

त्या दिवसांतलं माझं पहिलं हसू ते. मी त्याला समजावलं की मी पिठाच्या नाही, झाकणाच्या पिळाच्या आट्यांबद्दल बोलतोय. मग तो नको नको म्हणत असताना झाकण पूर्ण काढलं. उघडलात तर आतलं तेज उडून जाईल, असं बुवांनी बजावलं होतं. आतून उडालं काहीच नाही. एक बोटाएवढा साधा सेल निघाला, आणि त्याच्याभोवती पुठ्ठ्याच्या नळीत भरलेली वाळू. टॉर्च हाताला भारदस्त लागावा म्हणून वाळू.

तर युक्ती अशी. झाकणाच्या आट्यांवर काळा थर असतो, त्यातून वीज जात नाही. झाकण पूर्ण आवळून नळीच्या कडेला टेकलं तरच वीज पुढे जाते. पाव आटा मागे फिरवलं की ते कडेपासून सुटतं, पण हलत नाही, लचकत नाही, हाताला घट्टच लागतं. चांगल्या टॉर्चमध्ये ही सोय म्हणूनच असते, पिशवीत चुकून पेटू नये म्हणून. बुवा रुमालाने टॉर्च पुसत नव्हते. ज्याचं तोंड बंद करायचं त्याच्यासाठी झाकण सैल करत होते, आणि परत घेताना आवळत होते. लाख लुमेनचं म्हणाल, तर आम्ही तो भिंतीवर लावून ठेवला. माझा चहा प्यायच्या लायक होईपर्यंत तो मलूल पिवळा पडला होता.

मी सरळ सेक्रेटरीची गचांडी धरायला निघालो होतो. भाचीने अडवलं. तिने टॉर्च घेऊन स्वतः दहा-बारा वेळा करून बघितलं. हसली नाही, रडली नाही. म्हणाली, तू बोललास तर म्हणतील याचं दुकान आहे, मीच जाते.

पुढच्या सुट्टीला पुन्हा सभागृह, पुन्हा काळे पडदे. बुवा आता मळलेली मनं धुवून देण्याची वेगळी बैठक जाहीर करत होते. भाची उठून व्यासपीठावर गेली. तिला बघून बुवांना आनंदच झाला. असं गिऱ्हाईक रोज कुठे मिळतं? त्यांनी पश्चात्तापाचं महत्त्व सांगितलं, टॉर्च पुसला, तिच्या हातात दिला. तिने बटण दाबलं. अंधार. लोक हळहळले.

“बघा नीट,” ती म्हणाली. तिने टॉर्च वर धरला, दोन बोटांनी मागचं झाकण फिरवलं आणि दाबलं. घड्याळ पांढरं झालं.

मग तिने तो विझवला, झाकण परत फिरवलं आणि बुवांसमोर धरला. बुवांचा रुमालाचा हात पुढे आला. तिने रुमाल काढून घेतला.

“रुमाल राहू दे माझ्याकडे. तुमचं मन निर्मळ आहे ना? मग नुसतं बटण दाबा.”

बुवांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काळोखात नुसती टकटक ऐकू येत होती, आणि तीनशे माणसं ती मोजत होती. बेकरीवाल्याने उठून खिडकीवरचा पडदा खसकन ओढला. ऊन आत आलं. सगळ्यांना दिसलं की प्रकाशदाते अंगठ्याने झाकण आवळायची धडपड करताहेत आणि घामाने ते हातातून निसटतंय.

तिने पाच मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हातात टॉर्च दिला, मग त्याच्या शेजारणीच्या. सगळ्यांनी अंधार करून बघितला आणि उजेड करून बघितला. पापी कोण, पुण्यवान कोण, टॉर्चला काही पत्ताच नव्हता. सगळ्यांत आधी बुवांच्या अंगावर धावून गेला तो सेक्रेटरी. आम्ही चौघांनी मध्ये पडून बुवांना पोलिसांच्या हवाली केलं, नाहीतर लोकांनी त्यांना ठेचलंच असतं. तोपर्यंत लोकांना आपला राग काढायला कुणीतरी हवंच होतं.

लसीकरणाच्या वारी दवाखान्याबाहेर रांग लागली. डॉक्टर म्हणाले, बदलीचं मी मनावर घेतलंच नव्हतं. बाया म्हणाल्या, आम्हाला तेव्हाच शंका आली होती, सिस्टर. माझी बहीण नातवाला घेऊन आली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने त्याला भाचीच्या मांडीवर बसवलं. भाचीने प्रत्येक मुलाचा दंड पुसला, सुई टोचली, तारीख लिहिली. एकीनेही माफी मागितली नाही. मी दाराशी उभा राहून मोजत होतो.

म्हणून हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय. उद्या दुसरा कुणी येईल. त्याच्याकडे टॉर्च नसेल, पाणी असेल, भस्म असेल किंवा मोबाइल असेल. तुमच्या हातात तो अंधार ठेवेल आणि म्हणेल, दोष तुझा. तेव्हा आपलं मन तपासत बसू नका. वस्तू मागा, उलटी करा, उघडा, पुन्हा लावून बघा. उघडू देत नसेल तर समजा की आत वाळू आहे. आणि दुसऱ्या कुणाच्या हातात तो अंधार ठेवत असेल, तर शेवटच्या रांगेत माझ्यासारखे गप्प उभे राहू नका. दोन आठवडे एका पोरीने आपले हात सोलून निघेपर्यंत धुतले, त्याला बुवा किती जबाबदार, याचा हिशोब मी अनेकदा मांडून बघितला आहे.

त्याने झाकण पाव आटा फिरवलं. बाकी सगळं आपण केलं.