उस्तादांची दहा चाकं

आधीच सांगून ठेवतो, मी दारू पीत न्हाय. तंबाखू खातो, शिव्या देतो, आडव्या येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पर दारू न्हाय. तवा हे ऐकून कुणी "गुरप्पा, त्या दिवशी किती टाकली हुती?" असं विचारलं, तर त्याच्या कानाखाली जाळ काढीन.

मी होटगीचा. सव्वीस वर्षं झाली ट्रक चालवतोय. काम शिकवलं रेवणसिद्ध उस्तादांनी. त्यांचीच दहा चाकी गाडी आता माझ्याकडं हाय.

उस्तादांची एक पद्धत हुती. गाडी कुटं बी थांबली, पाच मिन्टं का असंना, की टामी, म्हंजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरायचं आणि दहाच्या दहा टायरं ठोकून बघायची. डायव्हर बाजूच्या पुढच्या चाकापासून सुरुवात, मागनं वळसा, आणि शेवट दुसऱ्या बाजूच्या पुढच्या चाकाला. हवा बरोबर असली की टायर टणटणीत बोलतंय, कमी असली की भद्द वाजतंय. सगळेच डायव्हर हे करत्यात, त्यात नवल न्हाय. पर उस्ताद पूजा केल्यागत करायचे. आतल्या टायरासाठी मातीत गुडघे टेकायचे. आणि करताना बारीक शीळ घालायचे. गाणं-बिणं न्हाय, नुसते दोन सूर, वर-खाली, वर-खाली. दहावं टायर झालं की माझ्या दारावर दोन थापा. म्हंजे, चल, गाडी काढ.

लोकं म्हणत्यात, डायव्हरचं जगणं म्हंजे कुत्र्याचं जगणं. अरे, तुमाला काय ठावं! भरल्या गाडीनं चढ धरलाय, इंजिनाचा आवाज ऐकून बरोबर वेळेला गिअर पडलाय आणि सोळा टन माल तुमच्या एका पायाखाली मुकाट चाललाय, हे ज्यानं अनुभवलं त्यालाच कळतंय. कोरोनाच्या साली आमी ऑक्सिजनच्या टाक्या आणायचो. दवाखान्याच्या गेटवर माणसं उभी असायची, गाडी दिसली की गाडीलाच हात जोडायची. उस्ताद म्हणले, "गुरप्पा, राजाला बी असं कोण हात जोडत न्हाय." तीन आठवडे आमी घराकडं फिरकलो न्हाय. त्याच टायमाला रत्नम्माक्का, म्हंजे उस्तादांची बायको, घरात एकटी तापानं फणफणली हुती. मला हे लई दिवसांनी कळलं.

दोन वर्षांमागं उस्ताद गेले. सुट्टीवर घरी हुते, रात्री झोपले ते उठलेच न्हाईत. पोरबाळ न्हाय. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरत्यात. खड्ड्यात बसवलं तवा पयली मूठ माती पुतण्याची, दुसरी माझी. ह्या हातानं टाकलीय, म्हणून सांगतो.

त्यानंतरची पयलीच खेप. सिमेंटची पोती घेऊन अफजलपूरकडं निघालो हुतो. वळसंगच्या पुढं रस्त्याकडंला एक लिंब हाय, दुपारी आमी तितंच थांबायचो. टळटळीत बारा वाजल्यालं. उन्हानं पाखरू बोलत न्हवतं. भाकरी खाल्ली आणि केबिनीत आडवा झालो.

टण्ण.

मला वाटलं, कोण तरी दुसरा डायव्हर आला. टण्ण, परत. आवाज मागं मागं चालला. मी खिडकीतनं बघतो तर कोण न्हाय. रस्ता रिकामा, रान रिकामं. आवाज मागनं वळला आणि दुसऱ्या बाजूनं पुढं याय लागला. मी मोजत हुतो, दुसरं काय करणार? आठ. नऊ. दहा. आणि माझ्या दारावर, माझ्या खांद्यापासनं वीतभर अंतरावर, दोन थापा.

खोटं कशाला सांगू, पँट ओली व्हायचीच बाकी हुती. अक्कलकोट येईपतोर मी आरशात बघितलं न्हाय.

पर रोज मरं त्याला कोण रडं? त्या लिंबाखाली थांबलो की दर खेपेला तेच. न थांबता निघून जायचं बी करून बघितलं, तर दिवसभर मन लागायचं न्हाय. मग एकदा सातवं टायर भद्द वाजलं. उतरून बघतो तर आतल्या बाजूला बोटाएवढा खिळा. तसाच गेलो असतो तर भरल्या गाडीसकट खड्ड्यात. त्या दिवसापासनं माझी भीती गेली. उलट बरं वाटाय लागलं. भाकरीचा एक तुकडा चाकापाशी ठेवायचो आणि म्हणायचो, "बघा उस्ताद, बघून घ्या." कुणाला बोललो मात्र न्हाय.

ह्या चैत्रात माझी बायको सिद्धेश्वरी दर्शनाला म्हणून अक्कलकोटपतोर गाडीतनं आली. लिंबाखाली थांबायलाच नको हुतं मी. पर सवय! चाकापाशी तुकडा ठेवला, 'बघा उस्ताद' म्हणलो. दहा टायरं वाजली, दोन थापा पडल्या. ती ओरडली न्हाय का रडली न्हाय. पांढरीफटक पडली आणि घरी येईपतोर डोळे मिटून देवाचं नाव घेत बसली.

घरी आल्यावर बोलली. "किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं मेलेल्या माणसाबरुबर जेवताय तुमी? आणि मला सांगितलं न्हाय?" मग तिनं निकालच दिला. "अमावस्येपतोर बघते. एक तर ते गाडीतनं जातील, न्हायतर तुमी. चिंचोळीच्या गोडाऊनवर वॉचमन पायजे हाय. मी उद्याच शब्द टाकते."

वॉचमन! खुर्चीत बसून दिवसभर गेटकडं बघत बसायचं! दुसऱ्यांच्या गाड्या आत येणार, बाहेर जाणार, आणि मी त्यांचे नंबर लिवणार! माझं डोस्कं फिरलं. ताट सारून उठलो. पर सिद्धेश्वरी एकदा बोलली की बोलली. तिचा शब्द मोडायची टाप माझ्यात न्हाय, आणि गाडी सोडायची तर त्याहून न्हाय.

मग मी डोकं चालवलं. मेल्यालं माणूस मागं राहतंय ते कशापायी? इच्छा राहिली म्हणून. हे आमच्यात शेंबडं पोर बी सांगंल. उस्ताद झोपेत गेले, बायकोबरुबर शेवटचं बोलणं बी झालं न्हाय. जीव तिच्यात अडकला असणार, दुसरं काय! एकदा दोघांची गाठ घालून दिली की ते सुटतील, आणि गाडी माझ्याकडं राहील. बघा, किती सोपं.

रत्नम्माक्का बाळ्यात एका खोलीत राहती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरंल. तिचं तोंड मात्र उजळलं.

"गुरप्पा, दोन वर्षांत एकदा बी सपनात आले न्हाईत रे," ती म्हणली. "शेजारच्या गंगम्माचा नवरा रोज येतोय तिच्या सपनात. मेल्यावर बी भांडतोय. मी म्हणते, भांडा, पर या तरी. माझंच काय चुकलं हुतं?"

"अक्का, ते तुलाच शोधत्यात," मी म्हणलो. "तू घरात, ते रस्त्यावर. चुकामूक हुतीय, एवढंच."

मला काय ठावं हुतं? घंटा. पर बोललो. स्टेअरिंगपायी बोललो.

अमावस्येच्या आदल्या दिवशी निघालो. रत्नम्माक्का न्हाऊन, नवं लुगडं नेसून आली हुती. मांडीवर डबा. त्यात भरलं वांगं, बाजरीची भाकरी. साठीची बाई, पर सारखी केसावरनं हात फिरवत हुती. एकट्या पुरुषाबरुबर अक्काला कशाला पाठवायचं म्हणून सिद्धेश्वरी बी आली. अक्का खिडकीपाशी, सिद्धेश्वरी मधी. वाटेत अक्का दोनदा म्हणली, "वाळली असंन मी, न्हाय? वळखतील का?" सिद्धेश्वरीनं तिचा हात धरला.

लिंबाखाली गाडी लावली. इंजिन बंद केलं. सावली चाकाखाली गोळा झाल्याली. वारा अजिबात न्हाय, तरी केबिनीतली देवापुढची घंटी एकदा हालली.

टण्ण.

अक्कानं डबा घट्ट धरला. दुसरं टायर. तिसरं. आवाज मागं गेला.

"री," अक्कानं हळूच हाक मारली. आमच्यात बायका नवऱ्याला नावानं बोलवत न्हाईत. कानडीत 'री' म्हणायचं, झालं. "री, मी आलेय."

चौथं. पाचवं. मागनं वळसा घेतला.

"री! इकडं बघा की! वांगं आणलंय!"

सहावं. आता आवाज तिच्या बाजूनं हुता. अक्कानं खिडकीतनं निम्मं अंग बाहेर काढलं. मग तिनं जे केलं ते चाळीस वर्षांच्या संसारात केलं न्हवतं. सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी नावानं हाक मारली.

"रेवणसिद्धा!"

आवाज थांबला.

सगळंच थांबलं. मनात म्हणलं, आलं, जमलं, आता येत्यात. अक्का रिकाम्या रस्त्याकडं बघून हसत हुती. लग्नातल्या फोटोत बाई हसती तसं. किती वेळ गेला मला सांगता यायचं न्हाय.

टण्ण. सातवं.

आणि शीळ. दोन वर्षांत पयल्यांदाच. दोन सूर, वर-खाली, वर-खाली. एकदम निवांत. जेवून तृप्त झाल्याल्या माणसाची असती तसली.

अक्का आत वळली. "कोण शीळ घालतंय?"

"उस्ताद," मी म्हणलो.

"त्यांना शीळ येती?"

मी खाली बघितलं. चोवीस वर्षांत मी ती शीळ हजारदा ऐकली असंल. तिनं एकदा बी न्हाय.

आठवं. नववं. दहावं टायर तिच्या अगदी खाली वाजलं. शीळ तिच्या खिडकीखालनं गेली, पुढनं फिरली आणि माझ्या बाजूला आली. माझ्या दारावर दोन थापा पडल्या. तिच्या न्हाय. माझ्या.

मग नुसतं ऊन.

रत्नम्माक्का रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. "कशात अडकले न्हाईत ते," ती म्हणली. "सुखात हायत. जितं सुखात हुते तितंच हायत. मीच येडी." डबा तिनं माझ्या हातात दिला. "तू खा, गुरप्पा. आणि त्यांना हाकलू नकोस."

दोघी खाली उतरल्या. शिटा घेऊन सोलापूरकडं जाणाऱ्या वडापच्या जीपला सिद्धेश्वरीनं हात केला. जीप थांबली, अक्का चढून बसली. सिद्धेश्वरी मात्र परत माझ्या दारापाशी आली.

"खरं सांगा," ती म्हणली. "तुमी मेल्यावर कुटं येणार?"

घरी, असं म्हणायचं हुतं. दोन अक्षरं. जीभ उचलून बघितली, व्हय, देवाशप्पत बघितली. तिचं तोंड उन्हात लाल झालं हुतं, आणि ती वाट बघत हुती. मला रडाय आलं. पर ते दोन अक्षरांचं बोलणं काय बाहेर पडलं न्हाय.

"राहू द्या," ती म्हणली. आवाजात राग न्हवता, त्याचंच मला भ्या वाटलं. "गोडाऊनवाल्याला न्हाय म्हणून कळवते. चालवा तुमी गाडी. पर एक सांगून ठेवते. मी लुगडं नेसून, डबा घेऊन हितं तुमाला हाक माराय येणार न्हाय."

जीप गेली. धुरळा खाली बसेपतोर मी आरशात बघत राहिलो. तिच्या मागं जायला पायजे हुतं, हे मला बी कळतंय, तुमी सांगाय नको. मी चावी फिरवली.

माल साडेचारला अफजलपुरात उतरवला. एक बी पोतं फाटलं न्हवतं. आणि शिव्या घाला पायजे तर, पर गाडी रस्त्याला लागली, चौथा गिअर पडला, तसं मला बरं वाटलं.