कोपऱ्यातली पाटी

"हे काय आहे?" बेलवाल्या शेठनी खोक्यातून एक हिरवी पाटी काढून टेबलावर आपटली.

टेबलापलीकडे बेलसाठी सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याचे साहेब होते. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली. 'बेल बंद आहे. दार वाजवा.'

"पाटी आहे," साहेब म्हणाले.

"ते मलाही दिसतंय! माझ्या खोक्यात काय करतेय ती? गिऱ्हाईक नवीकोरी बेल घरी नेतं, खोकं उघडतं, आणि आत बेल बंद असल्याची पाटी! एक दुकानदार म्हणाला, शेठ, इतका प्रामाणिक माल आजवर पाहिला नाही. आणि ज्यांच्या खोक्यात निघाली नाही ते भांडताहेत, आमची पाटी कुठाय!"

दाराशी उभे असलेले कोंबूकाका अर्धं पाऊल मागे सरकले.

हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. सर्किटचे छोटे बोर्ड काही एकेकटे बनत नाहीत. एका मोठ्या तक्त्यावर ते चॉकलेटच्या वडीसारखे शेजारी शेजारी बसवतात आणि काम झालं की मोडून सुटे करतात. त्या तक्त्याला म्हणायचं पॅनल. कॉम्प्युटरवर पॅनल आखून द्यायचं, हे काकांचं उभ्या आयुष्याचं काम. त्यांना रिकामी जागा बघवत नसे. बोर्ड आडवा कर, उलटा फिरव, एकाच्या खाचेत दुसऱ्याचं नाक घाल, पण जागा सोडू नको. घरचा फ्रीजही तेच लावत. त्यात सगळं मावायचं. फक्त काही बाहेर काढता यायचं नाही.

बेलचा बोर्ड निघाला ढेरपोट्या. काही करा, एक कोपरा उरायचाच. दातात अडकल्यासारखा तो कोपरा काकांना छळत होता, आणि त्यात घरी बायकोचं चालू होतं.

"लोकांच्या बेला वाजवता, आपली मेली वर्षानुवर्षं मुकी! दुरुस्त होत नसेल तर निदान पाटी तरी लावा. कागद किती वेळा चिकटवू? वाऱ्यानं उडतो."

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोपऱ्यात पाटी! तांब्याची अक्षरं, वर दोन स्क्रूची भोकं. आधी नमुन्याचं एकच पॅनल निघणार. पाटी मोडून घ्यायची, फाइलमधून पुसून टाकायची, संपला विषय.

पाटी झकास निघाली. दाराला लागली. लांबून बघून बायको लग्नानंतर पहिल्यांदाच "बरं दिसतंय" म्हणाली. त्या आनंदात फाइल पुसायची राहिली. नमुना पास झाला, सगळा माल तसाच बनला, आणि प्रत्येक पॅनलसोबत एकेक पाटी शेठकडे पोचली. तिथल्या पॅकिंगवाल्या बायकांनी स्क्रूची भोकं बघितली. भोकं आहेत म्हणजे बेलचाच भाग असणार, म्हणून पुरतील तितक्या खोक्यांत त्यांनी त्या मायेनं घातल्या.

"कोणी केलं हे?" शेठ गरजले. "त्याला आधी घरी बसवा!"

साहेबांनी काकांकडे एक नजर टाकली. माणूस जुना, निवृत्ती जवळ आलेली.

"शेठ, हे सॉफ्टवेअरनं केलंय. नवीन आहे. रिकामी जागा दिसली की आपोआप काहीतरी भरतं."

"आपोआप?"

"फार हुशार आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. शेठनी सोबत आणलेलं एक अख्खं पॅनल उजेडात धरलं.

"पण मांडलंय मात्र झकास हो! सुई शिरायला जागा नाही. हेही सॉफ्टवेअरनंच?"

"सगळं त्यानंच."

"कमाल आहे. माणसाला नसतं जमलं बुवा."

काकांचे कान तापले.

"काका, तुम्ही निघा," साहेब घाईनं म्हणाले.

काका निघाले. दाराच्या मुठीला हात लावला. तिथूनच म्हणाले, "माणसानंच केलंय."

"अहो काका, जा ना तुम्ही!"

"जाऊ कसा? सॉफ्टवेअरनं यात दोन बोर्ड कमी बसवले होते!" काकांनी शेठच्या हातातलं पॅनल ओढूनच घेतलं. "हा बघा, हा उलटा फिरवला. याचं पोट त्याच्या कमरेत घातलं. जेवण गोड लागत नव्हतं मला. म्हणे आपोआप! पाटीही मीच घातली. घरच्यासाठी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. शेठ काकांकडे वळले.

"तुमच्या घरची बेल बंद आहे?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्या बेलचं काम करता?"

"हो."

"नोकरी घालवत नाही मी तुमची," शेठ उठत म्हणाले. "पण गोदामातलं एकेक खोकं उघडून पाट्या तुम्हीच काढायच्या. आणि साहेब, इथून पुढे यांनी कोपऱ्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. नाहीतर माझं काम बंद."

रविवारी बायकोही गोदामात आली. खोकी उघडता उघडता तिचं तोंड चालूच होतं. "एक पाटी सांगितली, तर पोतंभर केल्यात. भाजीचंही तुमचं असंच." पण हात तिचेच जास्त भरभर चालत होते.

सोमवारी नवं पॅनल आलं. काकांनी बोर्ड फिरवले, सरकवले, खाचेत नाकं घातली. शेवटी अंगठ्याएवढा एक कोपरा उरला. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कोपऱ्यात काय?"

"काही नाही साहेब."

"तसंच राहू द्या."

काकांची नजर काही त्या कोपऱ्यावरून हटेना. मग त्यांनी डाव्या तळव्यानं पडद्यावरचा तो कोपरा झाकला, आणि उजव्या हातानं फाइल पाठवून दिली.