डाव्या बाजूची केबल

मेव्हणा येणार म्हणून लिफ्टवाल्यांनी सकाळीच होडीवरची ताडपत्री काढून तिची घडी घालून ठेवली. उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गल्लीत त्यांना लिफ्टवालेच म्हणत. होडी दोघांची, निम्मी निम्मी. मेव्हण्याने चष्म्याचं दुकान लांबच्या गावी हलवलं होतं आणि बायको वारल्यापासून लिफ्टवाले खाडीकडे फिरकले नव्हते. शेवटी त्यांनीच फोन करून सांगितलं, "घेऊन जा ती. इथे नुसती पडून आहे." त्यात होडीचं निमित्त किती आणि तो येईल ही आशा किती, याच्या खोलात ते शिरले नाहीत. भाजी मात्र दोघांची चिरली. पलीकडच्या खोलीत धुतलेली चादर घातली.

मेव्हणा गाडी पुढच्या दारी न थांबवता सरळ घरामागे घेऊन आला.

"आत तरी ये. चहा टाकतो."

"इथेच घेऊ की, भाऊजी. हवा चांगली आहे."

हवा काही खास नव्हती. लिफ्टवाल्यांनी कप बाहेर आणले. दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. दुकान कसं चाललंय, पोरीची परीक्षा झाली का, अशी चौकशी झाली. जिच्यामुळे दोघांचं नातं होतं तिचं नाव कोणी काढलं नाही.

होडी ज्यावर ठेवलेली होती तो ट्रेलर गाडीला जोडून त्यांनी एक चक्कर मारली. कोपऱ्यावर पोचेपर्यंतच तो डावीकडे ओढू लागला आणि करपल्यासारखा वास आला. परत येऊन लिफ्टवाल्यांनी उजव्या चाकाच्या मधोमध हात ठेवला. गार होतं. डाव्याजवळ नेलेला हात मात्र चटका बसून झटकन मागे आला.

"ब्रेक धरून बसलाय," ते म्हणाले. "असा नेलास तर अर्ध्या वाटेत चाक जाम होईल."

"किती वेळ लागेल?"

"बघू या."

त्यांचा आवाज जरा खुलला होता. त्यांचं त्यांनाच ते जाणवलं.

उजव्या चाकाच्या पुढे-मागे दगड लावले, डावं जॅकवर उचललं. ट्रेलरचा हँडब्रेक पुढे, गाडीला जोडतात त्या टोकाला होता. मेव्हण्याला तिथे उभं करून ते स्वतः खाली आडवे झाले. ब्रेकच्या ड्रमच्या पाठीमागचं रबराचं बूच काढलं. आतल्या दातेरी चकतीला स्क्रूड्रायव्हर लावला. आधी चाक पूर्ण आवळायचं, मग एकेक दात मागे घेत ते मोकळं फिरेपर्यंत सैल करायचं, एवढंच काम. फक्त मध्येमध्ये कोणीतरी हँडब्रेक ओढून सोडावा लागतो. हे काम एकट्याने होत नाही.

"ओढ. हळू. आता सोड."

मेव्हणा ओढायचा आणि सोडायचा. चारपाचदा झाल्यावर तो म्हणाला, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?"

दुकानात भिंगं बदलताना तो गिऱ्हाइकाला विचारतो तसंच, त्याच सुरात. लिफ्टवाले ट्रेलरखाली हसले. मेव्हणाही हसला. मग हसू तिथेच थांबलं, कारण या नकलेला हसणारी माणसं आजवर तीन असायची.

"ताई ओढायची ना हँडब्रेक?" मेव्हण्याने विचारलं.

"हो. आणि तोंडाचा पट्टा चालू. मी खालून ओरडायचो, आधी सोड, मग बोल."

लिफ्टवाल्यांनी पाहिलं, मेव्हण्याचे नुसते बूट दिसत होते. ते जागचे हलले नाहीत.

दात मागे घेऊनही चाक मोकळं होईना. म्हणजे दुखणं चाकात नव्हतं. लिफ्टवाले सरकत सरकत ट्रेलरच्या मध्यापर्यंत गेले. तिथे एक आडवी पट्टी असते, तिच्या दोन्ही टोकांना दोन चाकांच्या केबली. हँडब्रेक ओढला की पट्टी सरळ मागेपुढे व्हायला हवी. ती तिरकी झाली होती. उजवी केबल सोडल्यावर परत जात होती, डावी तिथेच रुतून बसत होती. होडी पाण्यात सोडताना ट्रेलर वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात भिजला, त्यात वर्षभर जागचा हलला नाही, केबल आतून गंजून गेली होती. तेल सोडून पाहिलं, पक्कडीने ओढून पाहिली. काही उपयोग नव्हता.

ते बाहेर आले, गुडघे झाडले.

"डावी केबल गेली. नवी लागेल."

"मिळेल कुठे?"

"स्पेअर पार्टचं दुकान आज आणि उद्या बंद असतं. परवा उघडेल." आणि मग, शक्य तितक्या सहज, "राहा की दोन दिवस. तुझी खोली तयार आहे."

मेव्हण्याने घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हाताला लागलेलं ग्रीस तो फडक्याने पुसत राहिला, पुसून निघाल्यावरही.

"भाऊजी, रागावू नका. मला त्या घरात झोप लागणार नाही. मी आत येऊच शकत नाही हो. वर्षभर ठरवतोय, येऊन तुमच्याजवळ बसावं. गाडी काढतो आणि फाट्यावरून परत जातो. आज होडी न्यायची होती म्हणून इथवर आलो."

मेव्हणा आपल्याला टाळतोय, आजारपणात काहीतरी कमी पडलं असं त्याच्या मनात असेल, असं लिफ्टवाले वर्षभर धरून चालले होते. तसं नव्हतं, म्हणून त्यांना बरं वाटलं. पण तो राहणार नाही, हेही त्याच वाक्यात आलं होतं.

"मी परवा सकाळी परत येतो," मेव्हणा म्हणाला.

"थांब जरा."

ते आत गेले. हत्यारांच्या कपाटात खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, नवी केबल होती. मागे उजवी केबल गेली तेव्हा जोडीच आणली होती. उजवी बसवली आणि ही राहिली. दुकान बंद असतं म्हणताना ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. पिशवी हातात घेऊन ते क्षणभर कपाटापाशी उभे राहिले. मग बाहेर आले.

मेव्हण्याने पिशवी पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं.

"होती की."

"होती."

त्याने बाह्या वर केल्या आणि या वेळी तोही ट्रेलरखाली आडवा झाला. जुनी केबल ओढून काढली, नवी ओवली, नट आवळले. हँडब्रेक ओढला तेव्हा पट्टी सरळ राहिली आणि सोडल्यावर डावं चाक बोटाच्या धक्क्यानेही फिरू लागलं. परत एक चक्कर झाली. ट्रेलर रेषेत चालला.

ऊन उतरायच्या आत मेव्हणा निघाला. जाताना वाकून नमस्कार करायला गेला, लिफ्टवाल्यांनी मध्येच त्याचे खांदे धरले. भाजी डब्यात भरून दिली. त्याने ती बाजूच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. हे बायकोला आवडलं असतं, असं लिफ्टवाल्यांना वाटलं.

मोकळ्या झालेल्या सिमेंटवर त्यांनी झाडू मारला. स्वतःपुरती भाजी उरली होती. त्यांनी ती गरम केली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली.

आठवड्याने त्यांनी फोन लावला.

"ट्रेलर पाण्यातून काढलास की ब्रेकवर गोडं पाणी मारत जा."

"भाऊजी, इथला तलाव गोड्याच पाण्याचा आहे."

"हो. विसरलोच."

पलीकडे दुकानात कोणीतरी आलं असावं, दाराचा आवाज झाला.

"बाकी बरं?" मेव्हण्याने विचारलं.

"बरं. गिऱ्हाईक आलंय ना? ठेव."

"ठेवतो."

फोन खाली ठेवून ते बसून राहिले. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं सांगायचं राहिलं होतं. ते त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी ठेवलं.